ट्राउटच्या नदीकांठीं

एखादा मनुष्य फसला म्हणजे आपण म्हणतों, ‘लागला गळाला !’ या वाक्प्रचारांत मासा मूर्ख आणि गळ टाकणारा शहाणा, असें आपण गृहीतच धरलेलें असतें. मींहि तें बरींच वर्षें धरून चाललों होतों. कांहीं वर्षांपूर्वीं हिमालयांतील तीर्थन नदीच्या कांठीं एका संध्याकाळीं माझा हा समज पार उतरला. तो कसा उतरला हें सांगतां सांगतां, ट्राउट नांवाच्या माशाच्या शिकारींत पिसांची बनावट माशी केव्हां बदलावी आणि आपली स्वतःची रीत केव्हां बदलावी, याविषयीं चार गोष्टी आपल्यापुढें ठेवाव्या, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम एक शब्द ठरवून घेऊं. मराठींत ‘मासा’ आणि ‘माशी’ हे शब्द इतके शेजारचे आहेत कीं ‘माशांना’ असें म्हटलें म्हणजे पाण्यांतल्या कीं हवेंतल्या, हें नुसत्या कानांना कळत नाहीं. ध्वनिक्षेपकापुढें बोलणाऱ्यानें असा घोटाळा टाळलेला बरा. म्हणून पिसें, लोंकर आणि रेशमाचा धागा गळाला गुंडाळून जो खोटा कीटक तयार करतात, त्याला मी ‘पिसमाशी’ म्हणणार आहें. आणि खऱ्या कीटकांना कीटकच म्हणेन.

आपल्याकडे नदीवर गळ टाकणारा मनुष्य गांडूळ लावतो किंवा कणकेची गोळी लावतो. मासा वासानें येतो, चाखतो आणि गिळतो. पिसमाशीला वास नाहीं आणि चवहि नाहीं. ट्राउटनें ती तोंडांत घेतली तरी दुसऱ्याच क्षणीं त्याला लबाडी कळते आणि तो ती थुंकून टाकतो. तेवढ्या अवधींत गळ रुतला तर रुतला. म्हणजे तिचें सारें यश दोनच गोष्टींवर अवलंबून राहतें : ती दिसते कशी आणि वाहते कशी. शिवाय तिला वजन असें नसतेंच, त्यामुळें दगडासारखी ती फेंकतां येत नाहीं. फेंकली जाते ती दोरी. म्हणून या शिकारीची दोरी मुद्दाम जाड आणि वजनदार केलेली असते. दोरीच्या पुढें सुमारें तीन मीटर लांबीचा, निमुळता होत गेलेला पारदर्शक धागा असतो आणि त्याच्या अगदीं टोकाशीं पिसमाशी. छडी मागें उचलून दोरी हवेंत पाठीमागें सरळ होऊं द्यायची आणि मग पुढें सोडायची, हें कसब सरावानें साधतें. परंतु दोरी पाण्यावर पडल्यानंतर पुढें काय होतें, तें कळायला मला कित्येक वर्षें लागलीं.

ट्राउट हा मूळचा आपल्या देशांतला नव्हे. तपकिरी ट्राउट युरोपांतला आणि अंगावर इंद्रधनुष्यासारखा पट्टा असलेला ट्राउट उत्तर अमेरिकेंतला. दोघांनाहि थंड, वाहतें आणि प्राणवायूनें भरलेलें पाणी लागतें. पाण्याचें उष्णतामान १० ते १६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असलें म्हणजे ते सुखांत असतात. २० अंशांच्या वर तें गेलें कीं कासावीस होतात. आपल्या कृष्णा-भीमेंत त्यांचा संसार व्हायचा नाहीं, तो याच कारणानें. १८९९ सालीं विलायतेहून काश्मीरसाठीं निघालेली ट्राउटच्या अंड्यांची पहिली खेप वाटेंतच नासली. १९०० सालीं स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली. पुढें १९०९ च्या सुमारास कुलूच्या खोऱ्यांत अंडीं उबविण्याची सोय झाली आणि बियास व तिच्या उपनद्यांत तपकिरी ट्राउट सोडण्यांत आले. तीर्थन ही त्यांतलीच एक उपनदी. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या उंच डोंगरांत ती उगम पावते, बंजारच्या खोऱ्यांतून दगडधोंड्यांशीं झुंजत खालीं येते आणि लारजीजवळ बियासला मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ट्राउटच्या विणीचा काळ; त्या महिन्यांत तेथें शिकारीला बंदी असते. एरव्हीं मत्स्यखात्याचा परवाना घेऊन ती करतां येते.

मी गेलों तेव्हां ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. पावसाळ्याचा गढूळपणा जाऊन पाणी इतकें निवळलें होतें कीं पुरुषभर खोलींतले गोटे मोजून घ्यावे. एका मोठ्या खडकाखालीं डोह होता. डोहाच्या मधून वेगवान प्रवाहाची एक जीभ पुढें आली होती आणि तिच्या पलीकडे, एका झुकलेल्या झाडाच्या सावलींत, संथ पाण्याचा पट्टा होता. त्या पट्ट्यांत चार मासे चरत होते. दर अर्ध्या मिनिटाला कोठें तरी एक हलकें वलय उमटावें आणि विरून जावें. माझ्या पेटींत साठ-एक पिसमाशा होत्या. मीं एक बांधली, टाकली. वलय उमटलें तें तिच्या शेजारीं. दुसरी बांधली. मग अधिक करडी, मग अधिक पिंवळी, मग लहान, मग त्याहून लहान. दीड तासांत मीं सात पिसमाशा बदलल्या. मासे पळाले नाहींत कीं बुजले नाहींत. त्यांनीं मला जमेसच धरलें नाहीं.

माझ्याबरोबर त्या खोऱ्यांतलेच एक वृद्ध गृहस्थ वाटाड्या म्हणून आले होते. मी त्यांना चाचाजी म्हणत असें. इतका वेळ ते खडकावर गुडघे जवळ घेऊन स्वस्थ बसले होते. मी आठवी पिसमाशी शोधूं लागलों तेव्हां ते म्हणाले, “साहेब, माशी राहूं द्या. तिच्या बाजूच्या फेंसाकडे पाहा. फेंस चालतो आहे आणि तुमची माशी धांवते आहे.”

मीं पाहिलें आणि मनांत ओशाळलों. प्रवाहाच्या जिभेंतून तुटलेले फेंसाचे पुंजके पलीकडच्या संथ पाण्यांत सावकाश सरकत होते. माझी पिसमाशी त्यांच्यामधून एकाद्या उतावळ्या पाहुण्यासारखी आडवी निघाली होती. कारण उघड होतें. मी अलीकडच्या कांठावर उभा. पिसमाशी पलीकडच्या संथ पाण्यांत. आणि मधल्या वेगवान प्रवाहावर माझी जाड दोरी पडलेली. प्रवाह दोरीला खालच्या बाजूला ओढून नेत होता आणि दोरी पिसमाशीला. इंग्रज शिकारी याला ‘ड्रॅग’ म्हणतात. आपण ‘ओढ’ म्हणूं. ही ओढ कधीं कधीं इतकी सूक्ष्म असते कीं वीस हातांवरून शिकाऱ्याला ती दिसत नाहीं. खालून पाहणाऱ्या माशाला मात्र ती तत्काळ दिसते.

माशाला ती कां दिसावी, हें समजण्यासाठीं नदीकडे त्याच्या बाजूनें पाहिलें पाहिजे. वाहत्या पाण्यांत एका जागीं टिकून राहणें हाच ट्राउटला मोठा खर्च आहे. म्हणून तो दगडाच्या आडोशाला, कांठाच्या खांचेंत किंवा जलद आणि संथ पाण्याच्या शिवेवर, तोंड प्रवाहाकडे करून राहतो. आपण संथ पाण्यांत बसावें आणि शेजारच्या जलद पाण्यानें घांस आणून द्यावा, असा त्याचा हिशेब असतो. एखादा घांस मिळवायला त्या घांसांतून मिळणाऱ्या शक्तीपेक्षां अधिक शक्ति खर्च होऊं लागली, तर तो मासा फार दिवस जगणार नाहीं. प्रवाहावर पडलेल्या बारीक कीटकाला प्रवाहाला छेद देऊन जाण्याचें बळ नसतें. पाणी नेईल तसा तो जातो. हजारों घांसांच्या अनुभवानें माशाला हें ठाऊक झालेलें असतें. तेव्हां जी वस्तु फेंसाच्या गतीनें येत नाहीं ती अन्न नव्हे, एवढा निर्णय त्याला पुरतो. तिचा रंग तपासण्याची वेळच येत नाहीं. मीं बदललेल्या सातहि रंगांची ही वाट लागली होती.

दुसरी गोष्ट त्याच्या दृष्टीची. पाण्याखालून वर पाहणाऱ्याला बाहेरचें जग एका वाटोळ्या खिडकींतून दिसतें. प्रकाशकिरण पाण्यांत शिरतांना वांकतात, त्यामुळें आकाश आणि दोन्ही कांठ सुमारें ९७ अंशांच्या कोनांत सामावून येतात. मासा एक मीटर खोल असला तर त्याची ही खिडकी पृष्ठभागावर सव्वादोन मीटर व्यासाची होते. तो वर आला कीं ती आकसते. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो आणि त्यांत नदीच्या तळाचें प्रतिबिंब पडतें. क्षितिजाजवळच्या वस्तु या खिडकीच्या कडेला चेपून अस्पष्ट होतात; म्हणून वांकून, बेतानें जाणारा मनुष्य त्याला दिसत नाहीं आणि ताठ उभा राहणारा चटकन दिसतो. इंग्लंडांत आल्फ्रेड रोनल्ड्स नांवाच्या गृहस्थानें ब्लाइद नदीच्या कांठीं निरीक्षणासाठीं एक झोंपडी उभारली आणि १८३६ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध करून या खिडकीचें आकृतीसह विवरण केलें. त्यानें माशांच्या जवळ हवेंत बंदुकीचे बार काढून पाहिले. मासे जागचे हलले नाहींत. तेव्हां नदीवर गप्पा मारल्यानें फारसें बिघडत नाहीं. बिघडतें तें कांठावर धप्‌धप् पाय आपटल्यानें, कारण ती कंपनें जमिनींतून पाण्यांत उतरतात.

तिसरी गोष्ट त्याच्या अन्नाची. थंड नद्यांत ‘मेफ्लाय’ म्हणून एका कीटकाचें कुळ फार समृद्ध असतें. त्याच्या आयुष्याचा बहुतेक भाग पाण्याखालीं दगडांना चिकटून जातो. कांहीं जातींत कांहीं महिने, कांहींत एक-दोन वर्षेंहि. या अवस्थेला इंग्रजींत ‘निम्फ’ म्हणतात. ग्रीक पुराणांतल्या जलदेवतेचें हें नांव. पूर्ण वाढ झाली म्हणजे हा निम्फ पृष्ठभागाकडे पोहत येतो, तेथें त्याची कात फाटते आणि आंतून पंखांचा कीटक बाहेर पडून, पंख वाळेपर्यंत, होडीच्या शिडासारखे ते उभे धरून पाण्यावर वाहत राहतो. मग तो झाडावर जाऊन पुन्हां एकदां कात टाकतो. पंख फुटल्यावर कात टाकणारा कीटकजगांत हा एकटाच. या प्रौढ कीटकाला अन्न घेण्याजोगें तोंडच नसतें. समागम करावा, पाण्यावर अंडीं सोडावीं आणि पंख पसरून मरून पडावें, इतकेंच कार्य त्याला उरलेलें असतें. तें तो कांहीं तासांत, फार तर थोड्या दिवसांत आटोपतो.

आतां पाहा, एकाच कीटकाचीं हीं चार रूपें झालीं : तळाशीं असलेला निम्फ, वर येऊं पाहणारा निम्फ, शीड उभारून तरंगणारा कीटक आणि पंख पसरून पडलेला मृत कीटक. ट्राउट यांतलें जें रूप त्या घटकेला विपुल असेल तें खातो. पाण्यावरचीं वलयें नीट पाहणाराला तो काय खातो याचा अंदाज येतो. वलयाबरोबर हवेचा बुडबुडा राहिला तर त्यानें पृष्ठभागावरून कांहीं उचललें. पाणी नुसतें फुगून आलें आणि तोंड दिसलेंच नाहीं, तर तो पृष्ठभागाच्या वीतभर खालीं निम्फ टिपतो आहे. चुंबन घेतल्यासारखा बारीक आवाज आणि केसासारखें वलय दिसलें, विशेषतः संध्याकाळीं, तर तो मेलेले कीटक निवांतपणें वेंचतो आहे. त्याला घाई नाहीं, कारण त्यांना पळून जायचें नाहीं. आणि पाणी उसळवून मासा झेंपावला, तर पंख फडफडवीत निसटणाऱ्या कीटकाच्या मागें तो लागला असावा.

या एका प्रश्नावरून, म्हणजे मासा वर खातो कीं खालीं, इंग्लंडांत जवळजवळ अर्धें शतक वाद चालला. हॅम्पशायर परगण्यांतल्या टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या खडकांतून झिरपलेल्या पाण्यावर वाहतात. त्यांचें पाणी बारा महिने नितळ आणि जवळजवळ सारख्याच उष्णतामानाचें. तेथें फ्रेडरिक हॅल्फर्ड (१८४४–१९१४) यांनीं तरंगत्या पिसमाशीचें शास्त्र रचलें. नैसर्गिक कीटक पकडावा, त्याच्या रंगाशीं धागा आणि पीस ताडून पाहावें, वर आलेला मासा डोळ्यांनीं हेरावा, त्याच्या मागच्या बाजूनें जाऊन पिसमाशी प्रवाहाच्या वरच्या अंगाला अलगद ठेवावी आणि ओढ न लागतां ती त्याच्यावरून वाहूं द्यावी. १८८६ व १८८९ सालच्या त्यांच्या दोन ग्रंथांनीं ही पद्धति सर्वत्र मान्य केली. हॅल्फर्ड फार साक्षेपी निरीक्षक होते आणि त्यांनीं शिकविलेलें बरेचसें आजहि खरें आहे. परंतु अनुयायांनीं त्या पद्धतीचें धर्मशास्त्र बनविलें. बुडती पिसमाशी वापरणें हें त्या नद्यांवर असभ्यपणाचें लक्षण ठरलें.

याच इचेन नदीवर जॉर्ज स्क्यूज (१८५८–१९४९) हे लंडनचे एक वकील मासे धरीत असत. एकदां त्यांची तरंगती पिसमाशी भिजून बुडाली आणि वरच्या पिसमाशीला न बधणाऱ्या ट्राउटनें ती बुडालेली चटकन घेतली. दुसरा एखादा हें योगायोग म्हणून विसरला असता. परंतु पुराव्याला मान देण्याचा वकिली बाणा येथें उपयोगी पडला. हाडांतला मगज काढण्याचा एक लांबट चमचा घेऊन ते पकडलेल्या माशाच्या पोटांतलें अन्न बाहेर काढीत आणि पांढऱ्या बशींत पाणी घालून त्यांत तें सुटें करून पाहत. त्या बशींत निम्फ मोठ्या संख्येनें निघूं लागले. पृष्ठभागावर चरत आहेत असें वाटणारे कित्येक मासे वस्तुतः पृष्ठभागाखालीं चरत होते. १९१० सालीं स्क्यूज यांचें पुस्तक निघालें. त्याच सालीं हॅल्फर्ड यांनीं आपल्या तरंगत्या पिसमाशांची संख्या तेहतिसावर आणून ठेवणारा ग्रंथ काढला. एकजण आपली यादी शुद्ध करीत होता, दुसरा यादीबाहेरचें अन्न बशींत मोजीत होता.

वाद पुढें विकोपाला गेला. १९३८ सालीं लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्यें या विषयावर रीतसर चर्चा झाली आणि ऐंशीच्या घरांतल्या स्क्यूज यांना एकाकी उभें राहून आपला पक्ष मांडावा लागला. ज्या पाण्यावर त्यांनीं पन्नासांहून अधिक वर्षें काढलीं होतीं, तें पाणीहि त्यांनीं त्याच सालीं सोडलें. त्यांच्या मागून एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर (१९०६–१९८०) यांनीं रेशमाऐवजीं तांब्याची बारीक तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेंपटीचें पीस एवढ्यावरच एक निम्फ बांधला. त्याला पाय लावले नाहींत; कारण पोहणारा निम्फ पाय अंगाशीं घट्ट मुडपून घेतो, हें त्यांनीं कांठावर बसून पाहिलेलें होतें. तांब्याच्या वजनानें तो योग्य खोलीवर जातो. आज ट्राउटच्या बहुतेक नद्यांवर ही साधी पिसमाशी वापरली जाते, आणि हॅल्फर्ड यांच्या तरंगत्या पिसमाशाहि वापरल्या जातात. कोणत्या घटकेला कोणती, हें मासा ठरवितो. तीर्थनसारख्या उताराच्या, खडकाळ आणि बर्फाच्या पाण्यानें भरणाऱ्या नदींत तर पृष्ठभागावरचें चरणें इचेनच्या मानानें थोडकेंच. तेथें तळाशीं वाहत जाणाऱ्या निम्फाकडे पाठ फिरवून चालत नाहीं.

आतां व्यवहाराकडे वळूं. मासा घेत नाहीं असें दिसलें म्हणजे काय बदलावें, आणि कोणत्या क्रमानें? चाचाजींपासून, पुस्तकांपासून आणि स्वतःच्या फजितीपासून मीं जो क्रम शिकलों तो असा. पहिली पांच-दहा मिनिटें कांहींच करूं नये. छडी कांखेंत धरून पाण्याकडे पाहावें. दुसरें, उभें राहण्याची जागा बदलावी. शक्य तों माशाच्या मागें, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाला जावें, आणि आपल्यामध्यें व त्याच्यामध्यें एकाच वेगाचें पाणी राहील असें पाहावें. जागा बदलतां येत नसेल तर दोरी पाण्यावर पडतांच तिचा मधला भाग छडीनें उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला वळवावा, किंवा ती मुळांतच सैल, नागमोडी पडूं द्यावी. ते वळसे सरळ होईपर्यंतचे चार-सहा क्षण पिसमाशी मोकळी वाहते. खडकांमधल्या लहान खळग्यांत तर दोरी पाण्यावर पडूंच देऊं नये. जवळ जाऊन, छडी उंच धरून, केवळ धागा पाण्याला लावावा.

तिसरें, खोली बदलावी. वर नाहीं तर वीतभर खालीं, तेथें नाहीं तर तळाशीं. पिसमाशी मधून मधून तळाच्या गोट्यांना शिवत नसेल, तर ती तळापर्यंत पोंचतच नाहीं असें समजावें. चौथें, आकार बदलावा, आणि तो बहुधा लहान करावा. इतकें सारें झाल्यावर रंगाचा विचार. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहीं तर यश आलें तरी तें कशानें आलें हें कळत नाहीं.

ऋतूप्रमाणें या क्रमाला मुरड घालावी लागते. उन्हाळ्यांत बर्फ वितळून नदी फुगते, आणि दिवसभराच्या उन्हानें सुटलेलें पाणी दुपारनंतर खालीं येतें. म्हणून तेव्हां सकाळ चांगली. पाणी गढूळ असलें म्हणजे माशाची दृष्टि दोन-चार वितींवर येते. तेव्हां गडद, ठसठशीत आणि वजनदार पिसमाशी कांठालगतच्या संथ पाण्यांत फिरवावी, कारण मासेहि प्रवाहाचा मारा चुकवून तेथेंच आलेले असतात. शरदांत पाणी निवळलें कीं लहान पिसमाशी, लांब धागा आणि दबकें पाऊल.

त्या संध्याकाळीं मीं आठवी पिसमाशी बांधलीच नाहीं. चाचाजींच्या सांगण्यावरून डोहाच्या खालच्या अंगाला उथळांतून पलीकडे गेलों आणि गुडघ्यांवर बसलों. आतां माशांमध्यें आणि माझ्यामध्यें फक्त संथ पाणी होतें. दोरीला टोकाशीं सातवीच पिसमाशी, जी त्यांनीं वीस वेळां नाकारली होती. पहिली फेंक आंखूड पडली. दुसऱ्या वेळीं ती फेंसाच्या एका पुंजक्याशेजारीं उतरली आणि त्याच्या बरोबरीनें चालत आली. वलय उमटलें. छडी उचलली तों टोकाशीं जीव होता. तांबड्या ठिपक्यांचा, वीत-दीड वीत लांबीचा तपकिरी ट्राउट. हात ओले करून मीं गळ सोडविला आणि तो निघून गेला. अंधार पडेपर्यंत आणखी एक मिळाला. त्या रात्रीं मी फार खुशींत होतों.

येथेंच थांबलों तर गोष्ट गोड होईल, पण खरी होणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्या खुशीच्या भरांत मीं माझ्याजवळचा सर्वांत बारीक धागा लावला. बारीक धाग्यावर मोठा मासा खेळविणें हें कौशल्याचें लक्षण, असें मीं वाचलें होतें. दुपारीं जोराच्या पाण्यांत एक चांगला मोठा मासा लागला. धागा तुटेल या भीतीनें मला त्याला जोर लावून आणतां येईना. तो प्रवाहांत खालीं जाई, मी मागें जाईं. पंधरा-वीस मिनिटें हा खेळ चालला. शेवटीं तो हातीं आला तेव्हां मीं त्याला पाण्याबाहेर धरून छायाचित्रें घेतलीं, आणि मोठ्या उदारपणें सोडून दिलें. तो कुशीवर वळला. चाचाजी कमरेइतक्या थंड पाण्यांत उतरले. त्याचें तोंड प्रवाहाकडे करून, दोन्ही हातांवर तोलून, कितीतरी वेळ उभे राहिले. कल्ले दोन-चार वेळां हलले आणि मग थांबले. दमलेल्या माशाला पाण्याबाहेर काढणें म्हणजे शर्यत धांवून आलेल्या माणसाचें नाकतोंड दाबण्यासारखें आहे, हें मला तेव्हां कळलें. चाचाजी मला एक शब्दहि बोलले नाहींत. रात्रीं तो मासा आमच्या पानांत आला. तो वाया जाऊं द्यायचा नाहीं म्हणून मीं खाल्ला. परंतु घांस घशाखालीं उतरत नव्हता.

तेव्हांपासून मीं धागा जाड केला. जाड धागा ताठ असतो, त्यानें ओढ अधिक लागते. ती कसर जागा नीट निवडून आणि दोरी सैल टाकून भरून काढतां येते. गळाच्या टोकाशीं असणारा उलटा दांता मी चिमट्यानें दाबून टाकतों, म्हणजे गळ सहज निघतो. माशाला शक्य तों पाण्याबाहेर काढीत नाहीं. पाणी तापलेलें असेल त्या दिवशीं छडी जोडीतच नाहीं. आणि आणखी एक गोष्ट आतां विसरत नाहीं. हिमालयाच्या या नद्यांत माणसानें ट्राउट आणण्यापूर्वींपासून शायझोथोरॅक्स कुळांतले मासे राहत आलेले आहेत. इंग्रजांनीं त्यांना ‘हिमट्राउट’ म्हटलें, तरी ते ट्राउटचे नातलग नव्हत. बाहेरून आणलेला तपकिरी ट्राउट त्यांच्या जागेंत आणि अन्नांत वाटेकरी झाला आहे. असा मूळचा मासा चुकून गळाला लागला, तर त्याला आधीं सोडावें.

त्यानंतर मी तीर्थनवर दोनदां जाऊन आलों. पहिल्या खेपेस चाचाजी त्याच खडकावर बसले होते. दुसऱ्या खेपेस त्यांचा नातू बरोबर आला. आजोबांचे गुडघे आतां नदीचा उतार सोसत नाहींत, असें तो म्हणाला. मीं पिसमाशांची पेटी उघडली तेव्हां तींतल्या साठांपैकीं चाळीस तरी त्याच्या हवालीं केल्या. मला आतां पांच-सहा पुरतात. पोरानें त्या हरखून उन्हांत धरून पाहिल्या, एक निवडली आणि बांधायला घेतली. मीं त्याला म्हटलें, “थोडा थांब. आधीं फेंसाकडे पाहा.” तो हंसला आणि म्हणाला, “आजोबाहि हेंच सांगतात.” मग आम्ही दोघे खडकावर बसलों आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिलों.